सकाळच्या नोंदी

प्रिय धम्मदीप,

"जे दिसलं थेच लिही, जे वाटलं थे आपल्यापाशी ठेव." चंद्रपूरला बसस्टँडमागच्या त्या खोलीत माझी पहिली तक्रार वाचून तू हे म्हणाला होतास. मी लिहिलं होतं की प्रिंटर माझ्यावर डूख धरून आहे. तू हसला नाहीस. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढंच लिहायचं, असं समजावून सांगितलंस. लिनक्स सुधारणारी माणसं जगात कुठेही बसलेली असतात, त्यांना तुझा राग कळणार नाही, म्हणालास. संगणक केंद्रात शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच शिकवत आले. आज मात्र दिसलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणार आहे. आणि कागदावर लिहितेय, कारण मेल तू स्वतः वाचतोस की तुझी माणसं, याची मला आता खात्री नाही.

मागच्या आठवड्यात माजरीला जाऊन तुझ्या आईला भेटले. गुडघे सोडले तर बऱ्या आहेत. मला बळेच जेवायला बसवलं. तू कधी येणार, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारणं सोडलंय, हे मला जास्त लागलं.

इकडे मोह चांगला आलाय. पहाटे बायका टोपल्या घेऊन निघतात आणि सगळी वाट त्या गोड, जड वासाने भरून जाते. तू सुरू केलेला वाघाचा नकाशा याच दिवसांत सगळ्यात जास्त पाहिला जातो. ग्रामसभेच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर, त्यावर तू बसवून दिलेलं लिनक्स, सगळं तसंच आहे. उजाडायच्या आत जंगू आणि त्याचे सोबती रानाच्या कडेने फिरून येतात, पगमार्क कुठे दिसले ते बुधरीला फोनवर सांगतात, ती नकाशात भरते आणि रांधायला घरी जाते. थोड्या वेळाने टॉवरवर नेट सुरू झालं की नकाशा आपोआप आसपासच्या गावांच्या मोबाइलवर जातो. दुपारच्या नोंदी विक्की भरतो. बुधरीला मीच या कामावर आणली. गोंडी, झाडीबोली, मराठी, तिन्ही बोलते, आणि जंगूने अर्धवट सांगितलेलंही पूर्ण विचारून घेते.

होळीनंतर बुधरीच्या नोंदी नाहीशा व्हायला लागल्या. रोज नकाशात आदल्या दिवशीचंच चित्र. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी उंबराच्या नाल्यावर वाघिणीचे ताजे पगमार्क होते, आणि नाल्यापलीकडच्या गावाला जो नकाशा मिळाला त्यात नाला मोकळा होता. मनकर्णाबाई तिथे मोह वेचायला गेल्या. सोबतच्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून जीव वाचला. खांदा मात्र फाटलाय. चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत, हात पुन्हा वर जाईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

जंगू म्हणतो, मी फोनवर सांगितलं होतं. बुधरी म्हणते, मी भरलं होतं. कॉम्प्युटर म्हणतो, नाही. आणि आता ऐक. बांधावरच्या एका मोहाच्या झाडावरून बुधरीच्या सासरचं आणि मनकर्णाबाईंचं भांडण आहे. झाडाखालचा पाला कुणी झाडायचा यावरून गेल्या वर्षी दोघी बांधावरच एकमेकींना नको ते बोलल्या होत्या. त्यामुळे आता लोक नुसती चूक झाली असं म्हणत नाहीत. बुधरीने मुद्दाम वाघीण झाकून ठेवली, असं म्हणतात.

मलाही संशय आला, धम्मा. आधी नाल्याकाठी जागा शोधत फिरणाऱ्या त्या रिसॉर्टवाल्याचा आला. मग विक्कीचा आला, कारण त्याच्या नोंदी कधीच नाहीशा होत नव्हत्या आणि बुधरीचं काम त्याला बायकोसाठी हवं आहे. मग मी लॉग उघडला. कुणी, कधी, काय केलं ते कॉम्प्युटर तिथे आपणहून टिपून ठेवतो. त्या सकाळखाली बुधरीचं नावच नव्हतं. तिने त्या दिवशी यंत्राला हातसुद्धा लावला नव्हता, असं तो लॉग सांगत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच जुन्या फाइली पाहायच्या आहेत असं सांगून मी तिच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिने वळून पाहिलं. "बाई, तुमी माह्यावर नजर ठेवून राह्यल्या ना? ठेवा. पन आधी चहा घ्या."

मग मी नुसतं पाहिलं. तिने भिंतीवरचा मेन स्विच वर केला, वायर खोचली, कॉम्प्युटर लावला. जंगूचा फोन आला, तिने माझ्यासमोर दोन जागा भरल्या, जतन केल्या. नेट आलं. आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत त्या दोन्ही खुणा गेल्या, कालचा नकाशा परत आला. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथली तारीख नुकतीच बदलून आजची झाली होती. त्याआधी तिथे एक जानेवारी होती, बुधरी शाळेत जायची तेव्हाच्या एका सालातली. मी विचारलं तर म्हणाली, "थे तं होळीपासून तसंच येते. नेट आलं का आपोआप सुधरते. म्हनून मी काई बोलली नाई."

पुढचं तुला सांगायला नको, तरी सांगते. मागच्या वर्षी तिच्या दिराचा टीव्ही विजेने जळाला. तेव्हापासून रोज रात्री खोलीला कुलूप लावताना ती मेन स्विच पाडते आणि वायरही काढून ठेवते, यंत्राला काही होऊ नये म्हणून. यंत्रातलं घड्याळ चालू ठेवणारा तो गोल सेल होळीच्या सुमारास मेला. वीज तोडली की घड्याळ मागे जातं आणि नेट येईपर्यंत मागेच राहतं. नेट आलं की तू लिहिलेला प्रोग्राम इथली फाइल आणि चंद्रपूरच्या सर्व्हरवरची प्रत ताडून पाहतो आणि जिची तारीख नंतरची तीच खरी मानतो. बुधरीची सकाळ कित्येक वर्षं जुनी ठरते आणि पुसली जाते. लॉगमध्येही ती त्या जुन्या सालाखालीच सापडली. विक्की दुपारी बसतो, तेव्हा घड्याळ बरोबर असतं. सिंदेवाहीहून नवा सेल आणून लावला, नोंद टिकली. मेलेला परत लावला, नोंद गेली. तू शिकवलं होतंस तसं पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

म्हणून तक्रार लिहायला तुझ्या प्रकल्पाच्या पानावर गेले. तिथे सिरोंच्याच्या केंद्रातल्या उर्वशीची जुनी तक्रार दिसली. हेच सगळं, अगदी तुझ्या पद्धतीने लिहिलेलं. तिच्याकडे तुझा प्रोग्राम धानाच्या वाणांच्या नोंदींसाठी आहे, म्हणून सुदैवाने नुसती तीच माहिती गेली होती. खाली तुझ्या नावाने उत्तर होतं: 'प्रणालीत दोष नाही. वापरणाऱ्याने घड्याळ तपासावे. बंद.' मी माझी तक्रार टाकली, संध्याकाळच्या आत तीही बंद झाली. या वेळी खाली कुणाचं नाव नव्हतं. तुला फोन केला तर म्हणालास, "नीलू, थोडी थांब. दोन्ही जिल्ह्यांत नकाशा द्यायचं ठरून राह्यलं, आत्ता हे नको उकरून काढू." त्यानंतर तू फोन उचललेला नाहीस.

इथवर दिसलेलं. आता वाटलेलं. उर्वशीची तक्रार तू वाचलीस त्याच दिवशी तुला दोष कळला होता, असं मला वाटतं. दुरुस्ती तुझ्या हातची होती, पण आपल्या लिहिण्यात खोट निघाली हे कुणाला दिसू नये म्हणून तू ती केली नाहीस. माझी तक्रारही तूच बंद केलीस. हे सगळं चुकीचं निघालं तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही. प्रिंटरच्या त्या तक्रारीतला प्रत्येक शब्द माझ्याकडून पुन्हा लिहून घेणारा माणूस असं करील, हे मन घेत नाही. आणि दुसरं काही सुचतही नाही.

रविवारी ग्रामसभा आहे. बुधरीचं काम जाईलच, पण प्रश्न कामाचा राहिलेला नाही. बाईवर मुद्दाम वाघ घातला, हा डाग घेऊन तिला याच गावात म्हातारं व्हायचंय. मी सेल नेऊन दाखवला, कागद वाचून दाखवले. लोक म्हणाले, तुमीच आनली तिले, तुमी तं तिच्याकडूनच बोलान. विक्कीने विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर कुठी खोटं बोलते का?" आणि सगळ्यांच्या माना हलल्या. इथली रीत तुला ठाऊक आहे. सभेत कागद चालत नाही. ज्याच्या हातून झालं त्याने गोलात उभं राहून, ज्याच्यावर आळ आहे त्याच्याकडे पाहून बोलायचं, तरच आळ उतरतो. मी कितीही वेळा उभी राहिले तरी तो माझ्याने उतरणार नाही, कारण तो प्रोग्राम मी लिहिलेला नाही. हे पत्र एवढ्यासाठीच. तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. बहुतेक नाही म्हणायलाही फोन करणार नाहीस. तरी मागते. रविवारी ये. गोलात उभा राहा, आणि बुधरीकडे पाहून तिला सांग, की तुझ्या सकाळच्या नोंदी माझ्या प्रोग्रामने पुसल्या.

तुझीच,
नीलिमा