वाचकाचं नाव कळवा

सोमवार, ७ एप्रिल
सकाळी ग्रंथालयाची मेल उघडली. परदेशातली ती जर्नलवाली कंपनी. म्हणे, तुमच्या कॉलेजातून दोन दिवसांत शेकडो लेख उतरवले, हे वाचन नव्हे, चोरी वाटते. म्हणून अख्ख्या कॉलेजची जर्नल्स बंद. ज्यानं केलं त्या वाचकाचं नाव कळवा, मग बघू. भाषा इतकी गोड की अजूनच भीती वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

कुणी केलं ते मला माहीत आहे. सुजाता. पीएच.डी.ची पोरगी, सिकल सेल ह्या रक्ताच्या आजारावर काम करते. गाव इस्लापूरकडं. परवाच सांगत होती, "घरी रेंज न्हाई मॅडम, टेकाडावर गेलं की एक काडी येते. सुट्टीत वाचायला समदं पेनड्राइव्हवर घेऊन राहिले." चोरी कसली डोंबलाची!

मंगळ., ८
प्राचार्यांनी बोलावलं. "ग्रंथपाल तुम्ही. नाव द्या अन् मोकळ्या व्हा. एकापायी सगळ्यांचं का बंद?" म्हटलं, शोधून राहिले सर. धडधडीत खोटं. नाव दिलं तर तिची फेलोशिप थांबेल, पोरगी घरी बसेल. नाही दिलं तर बाकीच्यांचे प्रबंध अडकतील. इकडं आड तिकडं विहीर.

दुपारी तीच आली. "मॅडम, साइट उघडून न्हाई राहिली."

"तिकडूनच बिघाड आहे," म्हणाले. कशाला घाबरवायचं लेकराला. मी एकटी घाबरतेय ते पुरे.

बुध., ९
कंपनीला विचारलं होतं, त्या वाचकाचं काय कराल? उत्तर आलं: नियमाप्रमाणे योग्य ती कारवाई. खाली माणसाचं नावसुद्धा नाही. पाया पडावं म्हटलं तर पाय तरी दिसावेत की! जेवण गेलं नाही.

गुरु., १०
रजा टाकून लातूरला. आमची वर्गणी ज्यांच्यामार्फत परदेशी जाते ते एजंट, बिराजदार. चहा पाजला अन् म्हणतात, "अहो ताई, कशाला जीव काढून राहिल्या? कुणाचं बी नाव द्या. रिटायर झालेल्याचं द्या ठोकून. तिकडल्यांना काय नांदेड अन् काय लातूर!" मीही हसले. येताना एसटीत अहमदपूरपर्यंत बरं वाटत होतं. मग माझ्याआधीचे ग्रंथपाल सर आठवले. रिटायर झालेले तेच. त्यांच्या नावावर चोरी? न्हाई बाई. लोहा येईस्तोवर डोकं भणाणून गेलं.

शुक्र., ११
माझंच नाव देऊन टाकलं. कारण: स्वतःचा अभ्यास. ह्यांना सांगितलं तर हसले, "तू अन् सिकल सेल? तुला घरचा थर्मामीटर वाचता येत नाही!" मग म्हणाले, "नोकरीवर आलं तर गं?"

 मेल तर केव्हाच गेली होती.

शनि., १२
सुटलो! काल रात्री तिकडून मेल आली, जर्नल्स चालू. खाली एक ओळ: पुन्हा असं झालं तर कॉलेजचं कायमचं बंद, अन् विद्यापीठाला कळवू. होतंय कशाला पुन्हा! प्राचार्य खूश. मी अर्धी रजा टाकून घरी आले, पोटभर जेवले, मस्त झोपले.

संध्या. सुजाताचा फोन, रेल्वेतून. "मॅडम, चालू झालं की वो! दुपारपासून बसून, राहिलेलं समदं उतरवून घेतलं. आता जयंतीला घरी चालले." लई खूश होती.  "अगं सुजाता..." म्हणेपर्यंत रेंज गेली.

रवि., १३
तिचा फोन लागत नाही. लागून तरी काय, उतरवलेलं परत चढवता येतं थोडंच. मंगळवारीच खरं सांगितलं असतं तर थांबली असती पोरगी. मी आपली मायाळू, मला तिला जपायचं होतं!

हे म्हणतात, मेल बघ तरी. नाही बघत. मोबाइल उशीखाली ठेवलाय. आज तिकडंही रविवार, ऑफिस बंद असेल, एवढाच धीर.

उद्या जयंतीची सुट्टी आपल्याला. त्यांना नाही.