अप्पांचा कान

९ फेब्रुवारी, मुरुम
पावसाळ्यापासून एक ओळ नाही. वहीची माफी मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि आळसाखेरीज कारण नाही. आज लिहितोय, कारण ‘नवरी’ घरात आलीय.

माईकवाल्या अप्पांची शेवटची रेकॉर्ड. चाळीस वर्षं आसपासच्या लग्नांत त्यांचेच भोंगे. तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून पोतंभर परदेशी रेकॉर्डी आणल्या. इंग्रजी येत नव्हतं, ठेका ऐकून निवडल्या. अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं सोल आणि फंक मी कॉलेजात असताना पुण्यात पहिल्यांदा ऐकलं. मुरुमच्या वरातींत ते कधीच वाजून गेलं होतं! दुसऱ्या माईकवाल्यांना वाचता येऊ नये म्हणून अप्पांनी प्रत्येक लेबलावर कागद डकवला आणि त्यावर स्वतः ठेवलेलं नाव लिहिलं: मोटार, कोंबडी, मेव्हणा. सहा वर्षांत एकेक करून मी सगळ्या घेतल्या.

राहिली होती ‘नवरी’. एक बाई, संथ लय, फाटत जाणारा आवाज. मुलगी सासरी निघाली की हीच लागायची. बायका अजून सांगतात, नवरी लागली की नवऱ्याकडचेबी रडायचे.

अप्पांची नात शिवलीला, तिचं लग्न २ मार्चला. तिच्या पाठवणीला वाजवायची, मग रेकॉर्ड माझी. तोवर धुऊन द्यायला आणलीय.
“कागदाला हात लावायचा न्हाय, सर. शपथ?”
“शपथ.”
“न्हाय, तुमचं काय सांगावं. तुमाला ठेका कळतो का नुसतं लेबल वाचता येतं?”
हे वाक्य सहा वर्षं ऐकतोय, बहुतेक वेळा चारचौघांत. दर वेळी हसतो.

११ फेब्रुवारी
धुतली. लागोपाठ तीनदा ऐकली. लेबलाच्या कडेला कोरलेला नंबर भिंगाखाली वाचला. वाटत होती तीच. जगात मोजक्या प्रती असतील. जपानच्या एका संग्राहकाला कळवलं. तासाभरात उत्तर: लेबलचा फोटो पाठव. लेबल शाबूत असेल तर मी दहा वर्षं शोधतोय ती दुसरी एक रेकॉर्ड तो बदल्यात देईल.

शाबूत आहे का? ‘मोटार’चा कागद काढला तेव्हा खालचं लेबल ब्लेडनं खरवडलेलं निघालं होतं.
तीन आठवड्यांनी कळेलच. थांबायला काय हरकत आहे.

१३ फेब्रुवारी
थांबलो नाही.

बायको, सुनंदा, शाळेत शिकवायला गेलेली. मी कॉलेजला रजा टाकली. ओल्या कापसानं कागद सुटेना, डिंक पक्का. मग चहाच्या भांड्यात पाणी उकळलं आणि रेकॉर्ड वाफेवर धरली. ही ठिसूळ जातीची, उष्णता सोसत नाही, हे मला माहीत होतं. कोणता पदार्थ किती तापमानाला मऊ पडतो, हे मी दर वर्षी अकरावीला शिकवतो. दहा सेकंद म्हणून धरली. कागद सरकू लागला, म्हणून आणखी दहा. मग आणखी.

कागद अख्खा निघाला. लेबल कोरं करकरीत. केशरी. फोटो काढला, पाठवला, कागद परत डकवला.
मग वाजवून पाहिली. बाईचा आवाज प्रत्येक फेऱ्याला एकदा चढतो, एकदा पडतो. टेबलावर ठेवली तर एक कड उचललेली.
दोन काचांमध्ये दाबून ठेवलीय. उपयोग होणार नाही, हेही शिकवतो.

१५ फेब्रुवारी
रेकॉर्ड परत केली. अप्पांनी बोटांनी कागद चाचपला. मोतीबिंदूमुळं त्यांना अंधूक दिसतं. “बरं झालं. शपथ पाळली म्हणायची.”

१६ फेब्रुवारी
सकाळीच अप्पांचा मुलगा मल्लिनाथ बोलवायला आला. म्हातारा रात्रभर झोपला नाही म्हणे.
अप्पा प्लेअरसमोर बसलेले. “वाकडं वाजतंय, सर. बाई झोके घ्यायलीय. प्लेअर बघा.”
चकतीला कागदाचा तुकडा चिकटवून मिनिटाचे फेरे मोजले. बरोबर पंचेचाळीस, हवे तेवढेच.
“प्लेअर ठीक आहे,” मी म्हणालो. हे खरं होतं.
“मग रेकॉर्ड?”
ताडून बघायला त्यांच्याकडं दुसरी रेकॉर्डच नाही. बाकीच्या सगळ्या माझ्या कपाटात.
मी म्हणालो, “मला तर नीट ऐकू येतंय, अप्पा.”
मल्लिनाथ म्हणाला, “मलाबी. आता कान गेलं तुमचं. ऐंशी झाली की!”
अप्पा माझ्याकडं बघत होते, मल्लिनाथकडं नाही. “व्हय?” म्हणाले.

जनरेटरची लाइट कमीजास्त झाली की फिरत्या चकतीला अंगठा टेकवून सूर सारखा करणारा हा माणूस. त्या कानाविषयी मी हे बोललो. वाईट वाटलं. आणि लिहितो, कारण ही वही खोटं लिहायला ठेवलेली नाही: थोडं बरंही वाटलं. नुसतं लेबल वाचणाऱ्याचा शब्द त्यांनी मानला.

१९ फेब्रुवारी
अप्पांना उमरग्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. मीच नेलं, मल्लिनाथला लग्नाची गडबड. तपासणीत थोडं कमी निघालं. ऐंशीच्या माणसाचं निघणारच, डॉक्टर खोटं बोलले नाहीत. माझ्या खोट्याला आता डॉक्टरांचा कागद मिळाला.
येताना गाडीत अप्पा म्हणाले, “टीव्हीवरची गाणीबी वाकडीच लागायलीत. आधी ध्यानात आलं न्हाय बघा.”

२२ फेब्रुवारी
कानातलं मशीन आलं. घरात सगळे अप्पांशी ओरडून बोलतात, गरज नसताना. चहाच्या हॉटेलात दोघांनी अप्पांकडं बघून नुसते ओठ हलवले. अप्पांनी घाईघाईनं मशीनची कळ फिरवली. सगळे हसले. मीही हसलो, मग लक्षात आलं. “काय म्हणलास रे?” अप्पा विचारत राहिले. पुन्हा ओठ, पुन्हा हसू.

मी सांगू शकलो असतो. कप खाली ठेवून एक वाक्य.
बिल दिलं आणि निघालो.

२४ फेब्रुवारी
शिवलीला घरी आली. माझीच विद्यार्थिनी, बारावीला पहिल्या बाकावर बसायची.
“सर, अप्पा रोज ती रेकॉर्ड लावतेत. आज म्या नीट बघितलं. सुईची दांडी वर-खाली व्हायलीय. कान न्हाय, रेकॉर्ड वाकलीय. तुमी नेलती तवा सरळ हुती.”
मी वाफेचं सगळं सांगितलं. वाटलं, ही आता उठेल आणि जाऊन अप्पांना सांगेल. सुटलो असंही वाटलं.
ती बांगडी फिरवत म्हणाली, “सांगू नका.”
“का?”
“सासरकडच्यांना डीजेच पायजे हुता. अप्पा अडून बसलेले, भोंगा न्हाय तर लग्नाला येत न्हाय म्हणून. परवा आपणहून म्हणाले, आणा डीजे, मला काय ऐकू येतंय. लग्न हून जाऊ द्या, सर.”
“आणि नंतर?”
“नंतर तुमचं तुमी बघा. म्या नांदायला जाणार.”
जाताना पाया पडली. लग्नाची पत्रिका देऊन गेली, नावापुढं ‘सर’ लिहिलेली.

मला परवानगी हवी होती, ती मिळाली. एकवीस वर्षांच्या मुलीकडून.

२६ फेब्रुवारी
अप्पा स्वतः चालत आले, रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून. “घ्या. मला उपेग न्हाय आता.” मी म्हणालो, लग्नापर्यंत राहू द्या. “कशाला? ऐकून तरास हुतो. तुमाला नीट ऐकू येती, तुमी ऐका.”
घेतली. दोन्ही हातांनी घेतली.

जपानचा निरोप: लेबल अप्रतिम. वाजते कशी?

२ मार्च
लग्न. डीजेनं छातीत धडधडत होतं. अप्पा मांडवाच्या कडेला खुर्चीवर, मशीन काढून खिशात ठेवलेलं. पाठवणीला कसलं तरी नाचाचं गाणं लागलं. नवऱ्याकडची पोरं नाचत होती, रडलं कुणीच नाही. शिवलीला वाकली, अप्पांच्या गळ्यात पडली, कानाशी काहीतरी बोलली आणि गाडीत बसली.
“काय म्हणली?” अप्पांनी मला विचारलं.
मी शेजारीच उभा होतो, मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली होती, “आपली नवरी पायजे हुती, अप्पा.”
मी त्यांच्या कानाशी ओरडलो, “तब्येतीला जपा म्हणाली.”
“हां,” अप्पा म्हणाले. “गुणाची हाय.”

८ मार्च
अप्पा आले. मशीन लावून. “एकदा लावा सर. मशीनवर कशी लागती बघू.”
लावली.

डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या ओळीलाच कपाळाला आठी. मग त्यांचा हात आपोआप पुढं आला आणि अंगठा फिरत्या चकतीच्या कडेला टेकला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. आवाज चढतो तिथं बरोबर दाब, पडतो तिथं मोकळा. तीन-चार फेरे बाई सरळ गायली. सोळा आणे सरळ, ११ फेब्रुवारीला ऐकली होती तशी. इतका कान कुणाचा असतो?
माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अप्पा, तुमचा कान शाबूत आहे.

त्यांनी अंगठा काढला. बाई पुन्हा झोके घेऊ लागली.
“न्हाय,” अप्पा म्हणाले. “मशीनचे सेल उतरले असतील. न्हाय का, सर?”
मी म्हणालो, “असतील.”
“नवीन घालून परवा येतो. परत लावू.”
ते गेल्यावर सुनंदानं विचारलं, “नीट ऐकू येतंय ना आता त्यांना?” मी रेकॉर्ड पाकिटात घालत होतो. जपानला अजून उत्तर दिलेलं नाही.

उद्या: अप्पांच्या मशीनचे सेल आणणे, ३१२ नंबर.