दीक्षा वर्गात आलीच नाही

५ जुलै १९९९
चंदगडहून सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात आले. इथल्या कॉलेजात ‘वक्तृत्व आणि लेखन’ हा विषय आहे. त्यासाठी आईशी महिनाभर भांडले. वसतिगृहातली माझी सोबतीण संयोगिता गगनबावड्याची. तिनं आल्या आल्या माझी पेटी कॉटखाली सारली आणि बजावलं, तुमच्याकडच्या पावसाचं कौतुक मला सांगू नकोस, आमच्यात त्याहून जास्त पडतोय की. दोघी पोट धरून हसलो. इंगवले सरांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय. हे पहिलं.

९ जुलै
सर शिकवतात सुरेख. म्हणाले, पुरावा नसला तरी चालतं. एकच गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी, न अडखळता सांगितली की ऐकणारा मानतो. सरावासाठी त्यांनी माझंच नाव घालून फळ्यावर विषय लिहिला : ‘दीक्षा या वर्गात आलीच नाही.’ वर्गातला सम्राट बोलला, अक्षता बोलली. संयोगितानं तर आमच्या खोलीतल्या रिकाम्या कॉटचं असं वर्णन केलं की माझेच डोळे भरून आले. विरुद्ध बाजूनं मी एकटी. अडखळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

१२ जुलै
हजेरीला माझं नाव आलं. मी हजर म्हणाले. सर थांबले, वर्गाकडं पाहिलं. अक्षता उठून म्हणाली, ती आलीच नाही सर. कुणी हसलं नाही. सरांनी वहीत गैरहजर लिहिलं.
थट्टा फार लांबली.

१३ जुलै
खोलीचं दार संयोगितानं अर्धवटच उघडलं. कुणाला भेटायचंय, म्हणून विचारलं. मी नाव घेतलं तर म्हणाली, दीक्षा यायची होती, आली न्हाय अजून. तिच्यामागं माझी कॉट दिसत होती. गादी नाही. पेटी नाही.
अंगावरचे कपडे आणि ही वही, एवढंच उरलंय.

१४ जुलै
सरांच्या पाया पडले. म्हटलं, विषय मागं घ्या. ते कळवळून म्हणाले, ऐकणाऱ्यानं एकदा मानलं की माझ्या हातात काही राहत नाही. मग आपुलकीनं विचारलं, तुमचं नाव काय?
सांगताना मी अडखळले —

१५ जुलै, चंदगड
घराच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. आई बाहेर आली. माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, “कुणाच्या पावण्या म्हणायच्या तुम्ही?”
आई, मी — मी —
मला नाव आठवेना.
तिला माझी दया आली असावी. बसा म्हणाली. आत वळून हाक दिली, “दीक्षा, पाणी आण गं.”
आतून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात.
पावलं येतायत. उंबऱ्यावर — ती मला बघून हस