भोपळ्याच्या नूडल्स

वरसे, रविवार, ८ डिसेंबर १९९६

ह्यांनी आज ताट बाजूला सारलं. सगळ्यांसमोर.

शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी मैदा बंद केला आणि ह्यांच्या आवडत्या नूडल्स गेल्या. म्हणून मी लाल भोपळ्याच्या तशाच लांब, बारीक पट्ट्या कापून लसूण-टोमॅटोत परतायला लागले. तीन आठवडे शिफ्टवरून आले की मागून मागून खातायत. मग आज काय झालं?

पेणहून मोठे दीर आणि जाऊबाई जेवायला आले होते. दीर ताटात बघून हसले. "काय रे, हे आजाऱ्याचं खाणं खातोस?"

हे म्हणाले, "मला पण नाय आवडत. हीच करते." आणि ताट सारलं.

हीच करते? सुरी धरून बोटाला घट्टा पडलाय माझ्या. मी उठून आत गेले.

जाऊबाई मागोमाग आल्या. हळूच म्हणाल्या, "कसं कापतेस गो, दाखव मला. आमच्या ह्यांनाही दिवाळीत शुगर निघालीय. कोणाला सांगायचं नाय म्हणतात."

मी दाखवलं. उरलेला अर्धा भोपळा त्यांच्या पिशवीत घातला. पण राग गिळता आला नाही. बाहेर येऊन दिरांना भोपळाच वाढला. म्हटलं, "दादा, खा. तुम्हा दोघा भावांना पथ्य एकच आहे."

दोघांनी खाली मान घालून खाल्लं.

जाऊबाईंचा विश्वास मी मोडला, ते खरंच. निघताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भोपळा मात्र घेऊन गेल्या.