प्रियदर्शनीला विमानाच्या कंपनीत पाठवू नये, याबद्दल

खंडाळा,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप तात्यांच्या पायांवर धैर्यशीलचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? साळूबाई काकूंना सांगा, ते तेल चोळणं आता पुरे, शिराळ्यात डॉक्टरही आहेत. तुमचं पत्र पोचलं. आपल्या प्रियदर्शनीला आमच्या कंपनीचं बोलावणं आलंय, महिनाअखेरीपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय, तेव्हा इथे आठ वर्षं काढलेला तिचा चुलत भाऊ म्हणून मी फायदे-तोटे लिहावेत, अशी तुमची आज्ञा. (फोनवर तुम्ही निम्मं ऐकत नाही, म्हणून पत्रच लिहितो.) फायदे आधी, कारण ते लवकर संपतात. बस दारात येते. कॅन्टीनमध्ये पोटभर मिळतं. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात झालं, हे मी नाकारत नाही. झाले फायदे.

आता तोटे. पुतण्या विमानं बनवतो, असं तुम्ही पारावर सांगता. तात्या, आठ वर्षांत मी अख्खं विमान पाहिलेलं नाही! आम्ही विमानाचं दार बनवतो. त्यातही मी बिजागरी बसवतो, आणि तीही डावीकडचीच. (उजवीकडची बसवणारा सयाजी आमच्याशी फटकून वागतो.) एक बोल्ट आवळायचा तर आधी कागद वाचा, मग आवळा, मग सही करा. मग तपासनीस चौगुले साहेब येऊन तोच बोल्ट तपासणार, आणि त्यांची सही होईपर्यंत मी हात बांधून उभा. फौजेनं तुमच्या हातात भरलेली बंदूक दिली, इथे माझ्यावर पान्याचाही भरवसा नाही. सुट्टीच्या वेळी एखादा पाना जागेवर नसला तर कोणी घरी जायचं नाही. गेटवरचा रखवालदार धुळा तर डब्यातला चमचासुद्धा काढून बघतो.

आणि परवाचा प्रकार ऐकाल तर तुम्ही स्वतःच पोरीला अडवाल. खंडेनवमीला आपल्याकडे विळ्या-कुऱ्हाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग ज्या पान्यावर माझं पोट चालतं त्याला मी नको लावायला? लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. पाच मिनिटांत चौगुले साहेब हजर. (माणूस सांगलीकडचा, नाव नेमिनाथ, आवाज कधी म्हणून चढत नाही, हाच तर त्रास.) विमानाच्या भागात बाहेरची कसलीही वस्तू राहता कामा नये, असा नियम. फूल उचललं, तर एक पाकळी गळालेली! झालं. काम बंद. चाळीस माणसं गुडघ्यांवर. तयार झालेली तीन दारं पुन्हा उघडली. मला फॉर्म भरायला लावला: हरवलेल्या वस्तूचं नाव, धातू, वजन. झेंडूचा धातू! मी रागानं ‘देवाचं फूल’ एवढंच लिहिलं, तर फॉर्म परत आला. दोन तासांनी पाकळी सापडली, ती खुद्द चौगुले साहेबांच्या बुटाखाली. कोणाची हसायची टाप नव्हती. साहेबांनी मुकाट्यानं स्वतःच्या नावानंही एक फॉर्म भरला आणि मला म्हणाले, “आवं धैर्यशीलराव, ह्या दारामागं कुणाची तरी आई बसणार हाय.” आता यावर माणसानं भांडायचं कसं? इथे धड भांडताही येत नाही, तात्या, हा सगळ्यात मोठा तोटा.

तेव्हा माझं स्पष्ट मत, पोरीनं येऊ नये. पुण्यात आहे तिथे सुखात आहे.

आपला,
धैर्यशील

ता. क. काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी संपली आहे.

आणखी एक ता. क. तुम्हाला कुठून तरी कळणारच, म्हणून सांगून टाकतो. चौगुले साहेबांची बदली झालीय आणि प्रियदर्शनीला बोलावलंय ते त्यांच्या जागेवर. म्हणजे यापुढे माझ्या प्रत्येक बोल्टवर तिची सही. जिला मी सायकल शिकवली, तिची!

शेवटचा ता. क. तुमच्या सूनबाईनं, राजेश्वरीनं, हे पत्र वाचलं आणि सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. बरं, येऊ दे पोरीला. त्या खुर्चीवर शोभेल ती, हे मलाही कळतं. माझं काम नापास केलं तरी चालेल. फक्त करताना, चारचौघांत, मला ‘दादा’ म्हणावं, एवढं तिला तुमच्या तोंडून सांगा.