बाजाराच्या आदल्या दिवशी

नववी चौकी, डॅन्यूबचा काठ
ऑक्टोबरचा मधला दिवस

प्रिय वेर्झो,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरा आहे. तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे सैल होतात. स्वतःच्या मापाचे घेतलेस ना? घेणारच.

"दादा, शेवटी तूही नाव काढलंस!" असं लिहिलंयस. त्यातलं 'शेवटी' मी चारदा वाचलं. आई म्हणे गावभर सांगत सुटली आहे. बावीस वर्षांत तिला माझ्याबद्दल सांगायला काही मिळालं नव्हतं, तेव्हा तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

आज स्पष्टच लिहितो. तू नोकरीच्या आठव्या वर्षी रोमचा नागरिक झालास, कारण तुमची पलटण लढाईत तगली आणि सम्राटांनी सगळ्यांनाच एका फटक्यात नागरिकत्व दिलं. मला पंचवीस वर्षं भरल्याशिवाय ते नाही, आणि अजून तीन बाकी आहेत. तुझा नागरिकत्वाचा कोरीव काशाचा पत्रा आईने दारावर ठोकून घेतला तेव्हा मी रजेवर होतो. हातोडा माझ्याच हातात होता. "जरा वर घे रे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे," म्हणाली. मी वर घेतला. आतून जळून खाक झालो होतो.

इथे काय घडतं? काही नाही. काही घडू नये म्हणूनच तर आम्हाला ठेवलंय. एक लाकडी मनोरा, शेजारच्या चौकीला धुराचा इशारा द्यायला पेंढ्याची गंजी, आणि समोर नदी. पलीकडची माणसं आमच्या काठावर बाजाराला येतात, पण ठरलेल्याच दिवशी, उजेडी, हत्यारांशिवाय आणि आमच्या पहाऱ्यात. एरवी होडी मध्यधार ओलांडून आली की हल्ला समजायचा.

मात्र ते लोक दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. त्यात अधूनमधून एखादी रात्र जास्त धरली जाते आणि एक दिवस आधीच येऊन ठेपतात. हे काठावर सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तीनदा शिंग फुंकतो, ते शिव्या घालत परत जातात. म्हातारा ओडो तर होडीत उभा राहून ओरडायचा, "अरे रोमच्या जावयांनो, तुमचा दिवस उशिरा उजाडतो त्याला आम्ही काय करणार?"

ज्या सकाळचं गावभर कौतुक चाललंय, त्या सकाळी चार होड्या आल्या. बाजार दुसऱ्या दिवशी होता. माझ्या जोडीदाराने, दिझाने, शिंग उचललं. "आले बघ पाहुणे, एक दिवस आधीच."

"ठेव ते," मी म्हणालो.

"का?"

"भाले दिसतायत."

"कुठले भाले? वल्ही आहेत ती! म्हातारा झालास की काय?"

"चौकीचा नाईक कोण, तू की मी?"

वेर्झो, मलाही वल्हीच दिसत होती. आदल्या दिवशी तुझ्या बढतीचं पत्र आलं होतं. मी पेंढा पेटवला.

धूर चौकीमागून चौकी करत किल्ल्यापर्यंत गेला आणि पलटण धावत आली. ओडो आणि त्याचे दोन मुलगे पाण्यातच मेले. होड्यांत मध होता, कातडी होती, एक शेळी होती. उरलेले सात जण किल्ल्यात कोंडलेत. परवा गुलामांचा व्यापारी येतोय. त्या सातांत ओडोची सून आहे. काल मला पाहून तिने विचारलं, "आज इतकी वर्षं शिंग फुंकत आलास, मग त्या दिवशी का नाही?"

किल्लेदाराने मला चांदीचं कडं दिलं. माझी तीन वर्षं माफ व्हावीत म्हणून शिफारसही करतोय. दिझा गप्प आहे. त्याने तोंड उघडलं तर नाइकावर आळ घेतला म्हणून त्यालाच फटके बसतील. आणि कडं मला आवडलं, हेही लपवत नाही. तीन आठवडे दंडावरून उतरवलं नाही. तुझं अभिनंदन वाचताना शरम वाटायला हवी होती. तुला थोडं तरी झोंबलं असेल, या विचाराने मी सुखावलो.

खोटा इशारा देणाऱ्याला त्याचेच सोबती दांडक्यांनी जीव जाईपर्यंत मारतात, हे तुला सांगायला नको. पण परवानंतर ते सात जण कुठे गेले हे कोणालाच कळणार नाही.

म्हणून हे पत्र टपालाच्या थैलीत टाकत नाही. आता उठतो आणि उघडंच किल्लेदाराच्या हातात देतो. तोंडाने सांगायला गेलो तर वल्ह्यांचे पुन्हा भाले करीन, मी मला ओळखतो. वाचून झालं की ते तुला पाठवावं, अशी विनंती करीन. तुला हे मिळालं, तर मी त्याच्या दारातून परत फिरलो नाही असं समज.

आईला सांग, मी तापाने गेलो. नको, खरं तेच सांग. तू सांगितलेलं तिला पटतं.

अजूनही तुझ्यावर जळणारा,
तुझा दादा
प्लातोर