फायनलमधले माझे पाच गोल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज पळणार. कारण गुप्त, फक्त इथे लिहून ठेवतो. कोलंबोला चाळिशी पूर्ण झालेल्यांची इंटरनॅशनल फुटबॉल टूर्नामेंट आहे आणि जबलपूरहून खेळाडू निवडून राहिले. निवड माझीच होणार. निळी जर्सी, मागे ‘आनंद’ लिहिलेलं. पाच चकरा ठरवल्या होत्या, एक झाली. गुडघ्याचं ऐकावं लागतं, आता तो देशाचा गुडघा आहे.

४ नोव्हेंबर

बूट गायब. क्षमा म्हणते, तुम्हीच सात वर्षांपूर्वी माळ्यावर टाकले. बायको असून संशय येतो. मी कोलंबोला गेलो तर तिच्या भावाच्या साखरपुड्यात पाहुण्यांची ऊठबस कोण करेल, ही खरी गोम आहे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून नवे आणले. दुकानदाराने विचारलं, बेटे के लिए? काहून विचारलं असेल?

८ नोव्हेंबर, शनिवार

दुबेजींकडे नाव देऊन आलो. टीमचं सगळं तेच पाहतात. त्यांना पहिल्यापासून सांगितलं: फेब्रुवारी १९९९, अंडर-ट्वेल्व्हची फायनल, माझे एकट्याचे पाच गोल. पेपरात फोटो आला होता, तो फ्रेम करून हॉलमध्ये आहे. दुबेजी दोनदा घड्याळाकडे पाहून राहिले. जळतात.

घरी आलो तर यशश्री त्या फोटोसमोर. विचारते, पापा, या बच्चोंमध्ये हे सर कोण? म्हटलं, बेटा, तो मीच. बाकीची पोरं माझ्या खांद्याला लागतात, म्हणून तिला तसं वाटलं. कॅप्टन उठून दिसतोच.

कागदपत्रं नंतर मागतील. आधारवर माझं वय अडतीस आहे. शाळेत नाव घालताना बाबांनी दोन वर्षं कमी लिहवली, म्हणजे पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात. तेव्हा सगळेच लिहवत. खरं वय चाळीस, पत्रिकेत घटका-पळांसकट आहे. काळजी नाही.

१२ नोव्हेंबर

व्हॉट्सॲपवर लिस्टचा फोटो आला. अर्धवट कापलेला, पण माझं नाव आहे!!! आईला नमस्कार केला. पेढे आणले, तीन मीच खाल्ले. उद्यापासून डाएट.

दुपारी परत पाहिलं. खाली योगेशचं नाव. कोण योगेश? त्याच फायनलमध्ये समोरच्या टीमचा गोलकीपर! पाचही गोल त्याच्यावरच टाकलेत मी. हा काय करून राहिला इथे? दाल में काला.

१३ नोव्हेंबर

हिशोब केला. योगेश ९९ मध्ये अंडर-ट्वेल्व्ह खेळला, म्हणजे आज फार तर अडतीस. चाळीस नाहीच! पोट नाही, केस काळे. उघड चोरी. देशाच्या नावाने असली लबाडी मी सहन करणार नाही.

१४ नोव्हेंबर

दुबेजींच्या वरच्या ऑफिसला तक्रार पोस्टात टाकली. मुद्दाम ओमतीला जाऊन, घराजवळची पेटी टाळली. खाली सही ‘एक खेळप्रेमी’. पुरावा पक्का दिला: सदर योगेश १९९९ च्या अंडर-ट्वेल्व्ह फायनलमध्ये होता, ज्यात मी त्याच्यावर पाच गोल केले. सर्वांचं वय कडकपणे तपासावं.

आता कोणाला कळणार, कोणी लिहिलं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुबेजींचा फोन. आनंद भैया, आपकी चिट्ठी मिली. हादरलोच. फितूर कोण? पोस्टमन?

म्हणाले, योगेश खेळाडू नाहीच, गोलकीपर कोच म्हणून चालला. कोचला वयाची अट नसते. ते कापलेल्या भागात लिहिलं होतं. पण चिठ्ठीमुळे वरून ऑर्डर आली, सगळ्यांचे कागद आणा.

२१ नोव्हेंबर

आधार नेलं, पत्रिकाही नेली. दुबेजींनी पत्रिका उलटी धरली. मी सरळ करून दिली. म्हणाले, यह नहीं चलेगा. मी म्हटलं, याच पत्रिकेवर माझं लग्न झालं! मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. आधार खरं, तर आज मी अडतीस, कोलंबो बंद. पत्रिका खरी, तर ९९ मध्ये मी तेरा पूर्ण, मग अंडर-ट्वेल्व्ह कसा खेळलो?

नाव कापलं. माझ्यासमोर, माझ्याच पेनाने.

पत्रिका कोणी उलटी धरतं का? सेटिंग आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

योगेश घरी आला. मी भांडायच्या तयारीत होतो. तो आईच्या पाया पडला, पोहे मागून घेतले, भांडण काढलंच नाही. मग फोटो पाहून राहिला. म्हणाला, यार, त्या दिवशी मी अकरा वर्षांचा होतो. पाच गोल खाल्ले म्हणून घरी जाऊन ग्लव्हज चुलीत घातले. सव्वीस वर्षं वाटायचं, आपण कीपर म्हणून फालतू. काल दुबेजींनी सांगितलं, तू दोन वर्षांनी मोठा होता. फार हलकं वाटून राहिलं बघ.

जाताना मला मिठी मारली. खरंच खुश होता. त्याचा संशय घ्यायला जागाच सापडली नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, अरे, तेव्हा तुला मिसरूड फुटलं होतं. तुमचे खेळाचे सर म्हणाले, फोटोत दिसत नाही.

दिसतं.

३० नोव्हेंबर

साळ्याचा साखरपुडा आपल्याच घरी. चहा, सरबत, खुर्च्या, सगळं माझ्याकडे. क्षमाची मावशी फोटोसमोर थांबली. विचारलं, या पोरांमध्ये हे मिशीवाले कोण? क्षमा माझ्याकडे पाहून राहिली. यशश्रीही.

म्हटलं, पीटीचे सर होते आमचे.

मावशी म्हणाली, चेहरा ओळखीचा वाटून राहिला. मी ट्रे घेऊन आत गेलो.